मांडीवरचा भरलेला तांब्या

ब्रेकचं काम केलेली गाडी गुंडाप्पा मिस्त्री मालकाच्या हाती सरळ कधीच देत नसत. बायकोला, शिवम्माला, मागच्या सीटवर बसवायचं, तिच्या मांडीवर काठोकाठ भरलेला तांब्या द्यायचा आणि मुरुम गावच्या नदीकडं उतरणाऱ्या रस्त्यावर गाडी सोडून ब्रेक दाबायचा. पाणी सरळ पुढं सांडलं तर काम बरोबर. बाजूला उडालं, तर एखादं चाक धरत नाही.

“बेचाळीस वर्षं झाली लग्नाला,” शिवम्मा गिऱ्हाइकांना सांगत, “एक लुगडं कोरडं राहू दिलं न्हाय या माणसानं.”

म्हणूनच मंजुषानं सासऱ्यांची पांढरी अँबॅसडर त्यांच्याकडं आणली होती. तिच्या लेकीचं, अक्षदाचं, लग्न होऊन चार दिवस झाले होते. शुक्रवारी जोडपं तुळजापूरला दर्शनाला जाणार, मग घाट उतरून तामलवाडीला जावयाच्या मावशीकडं जेवायला. अक्षदाचा हट्ट एकच, आजोबांच्याच गाडीतून जायचं आणि गाडी तीच चालवणार. तो उतार मंजुषाच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

बुधवारी सकाळपासून ती गॅरेजात स्टुलावर बसून होती. मिस्त्री ब्रेकच्या शूवर नवे लायनर, म्हणजे ड्रमला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या, रिव्हेट मारून बसवत होते. प्रत्येक रिव्हेटवरून अंगठा फिरवल्याशिवाय पुढचा ठोकत नव्हते.

“ताई, घरी जावा की. तुम्ही बघत बसल्यानं ब्रेक जास्त लागतोय व्हय?”

ती हसली, पण उठली नाही.

दुपारी ते जेवायला गेले, तेव्हा उजवीकडचं पुढचं चाक उघडं होतं. मंजुषानं पर्समधून कुंकवाची पुडी काढली. खंडेनवमीला मिस्त्री पान्यांना कुंकू लावतात, मग ज्याच्या भरवशावर लेक घाट उतरणार, त्याला का नको? कोरडं कुंकू टिकेना. तिनं समोरच्या देवाच्या दिव्यातल्या तेलात बोटं बुडवून कुंकू कालवलं आणि दोन्ही लायनरवर पाच-पाच रेघा ओढल्या. मिस्त्री हसतील म्हणून शेजारी काढून ठेवलेला चाकाचा जड ड्रम उचलून झाकणासारखा जागेवर सरकवूनही टाकला.

मिस्त्री परतले, चाकापाशी थबकले. “ह्यो चढवला व्हय म्या?” असं स्वतःशीच पुटपुटले आणि स्क्रू आवळायला लागले. मंजुषानं कुंकवाची पुडी पर्समध्ये खोल सारली.

दिवस कलताना गाडी उतारावर सुटली. ब्रेक दाबताच ती डावीकडं ओढली गेली आणि पाणी उजव्या दारावर आपटलं.

“उजवं धरंना,” मिस्त्री म्हणाले. त्यांनी शू आवळले, पाइपातली हवा काढली. पुन्हा उतार, पुन्हा दार भिजलं. तिसऱ्यांदाही तेच.

गॅरेजात येऊन ते पायरीवर बसले. शिवम्मानं लुगडं पिळलं आणि तांब्या पालथा घातला.

“ड्रम चढवल्याचं ध्यानच न्हाय मला,” ते म्हणाले. “आणिक काय-काय ध्यानात न्हाय, कुणाला ठाऊक. ताई, सकाळी गाडी सोलापूरला न्या. ह्या हातांच्या भरवशावर लेकरू घाटात घालू नका. मीबी आता हे काम बंद करतो.”

गाडी सोलापूरला नेली की प्रश्न मिटत होता. तिकडचा कुणी ड्रम उघडेल, लायनर बदलेल. मंजुषा उठली, पुन्हा बसली. समोर ते हातातला पाना कापडात गुंडाळत होते.

“मामा, ड्रम तुम्ही नाही, मी चढवला.”

त्यांनी मान वर केली. तिनं सगळं सांगितलं. ते उठले, चाक काढलं, ड्रम ओढला. आत तांबडा, तेलकट राडा झाला होता.

“बी.एस्सी. झालाव म्हनं तुम्ही?” शिवम्मा म्हणाली.

“शिवम्मा, गप. आईचा जीव हाय.” मग ते मंजुषाकडं वळले. “पण तीन तास मला वाटत होतं, आपण गेलो कामातून. बोलायला इतका उशीर?”

तेल प्यालेला लायनर पुसून चालत नाही, म्हणत त्यांनी दोन्ही उतरवून फेकले.

गुरुवारी दुपारी नवे लायनर बसले. मिस्त्रींनी तांब्या मंजुषापुढं धरला. “आज शिवम्माला सुट्टी.”

उतारावर ब्रेक लागला. पाणी सरळ पुढं, तिच्या गुडघ्यांवरून पायांवर ओतलं. गाडी रेषेत उभी होती.

“झालं?” मिस्त्रींनी विचारलं.

चिंब साडीत मंजुषानं रिकामा तांब्या उचलला. “मामा, अजून एकदा. जरा जोरात सोडा.”

“हापसा तिकडं हाय,” ते म्हणाले आणि त्यांनी गाडी मागं घेतली.