बोईसरची पंगत आणि हरजीतचे गुडघे

हरजीतचा फोन आला तेव्हा मी सोसायटीच्या सेक्रेटरीला टाकीच्या सफाईवरून खडसावत होते, त्यामुळे तिचं म्हणणं मला दोनदा ऐकावं लागलं. "मोहिंदरचं वर्ष हाय रविवारी. पाठ ठेवलाय, लंगर हाय. तू येनार," ती म्हणाली. हा प्रश्न नव्हता. हरजीत आणि मी नाशिकच्या कॉन्व्हेंटमध्ये एका बाकावर बसायचो. लग्न होऊन ती तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या कॉलनीत गेली, नवरा मोहिंदर निवृत्त झाल्यावर जवळच बोईसरमध्ये राहिली, आणि किनाऱ्यावरच्या मासेवाल्यांशी घासाघीस करता करता या सरदारणीचं मराठी पार बदलून गेलं. मला ते ऐकायला आवडतं. तिला मात्र तसं सांगत नाही.

नाशिकहून बोईसरला जायला लोक मुंबईचा रस्ता धरतात. धरू नका. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड असा डोंगरातला रस्ता आहे. वळणं पुष्कळ आणि काही ठिकाणी डांबर नावापुरतंच, पण ट्रक कमी. पोटात ढवळत असेल तर जव्हारला थांबून चहा घ्या, आणि बिनसाखरेचा हवा असेल तर आधी सांगा, कारण तिथे साखर विचारून घालत नाहीत. पुढे महामार्ग ओलांडला की बोईसरचा रस्ता लागतो. बेटेगावपर्यंत भातखाचरं आणि ताडाची झाडं दिसतात, मग एकदम कारखान्यांच्या भिंती, टँकर आणि नाकात बसणारा वास सुरू होतो. हॉटेलं आहेत, माफक भाड्याची, पण खोली मागच्या बाजूची मागा. पुढच्या बाजूला रात्रभर ट्रक गिअर बदलतात.

हरजीत दारात उभी होती. दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होऊन वर्ष व्हायला आलं होतं आणि ती चांगली चालत होती. "बघ, सगळं नवीन बसवलंय. फक्त खाली बसायचं नाय," ती म्हणाली. त्या शेवटच्या वाक्याने पुढचे दोन दिवस खाल्ले.

शनिवारी सकाळी आम्ही समुद्रकाठच्या नवापूरला गेलो. पर्यटकांनी इथे झोपाळे आणि शहाळी शोधू नयेत. किनारा आहे, होड्या आहेत आणि बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत आहेत. वनिता तिथे वाळवण उलटवत होती. तिची हरजीतशी तीसेक वर्षांची ओळख. आधी मासे विकायला यायची, मग नुसतीच यायला लागली. मला बघून तिने विचारलं, "ही तुजी शाळेतली? जी सगल्यांना बोलते?"

"तीच," हरजीत म्हणाली.

"बरी दिसते की. मला वाटला उंच असंल."

सुकट घ्यायची असेल तर इथेच घ्या, बाजारापेक्षा स्वस्त आणि वाळू कमी. वनिताने माझ्याकडून पैसे घेतले, ओळख आहे म्हणून सोडले नाहीत, हे मला पटलं. निघताना तिने हरजीतला विचारलं, "उद्या कुटं बसनार तू?" हरजीत सरळ रिक्षाकडे चालायला लागली. परतीच्या रिक्षात मी त्या प्रश्नाचा अर्थ विचारला, तेव्हा कळलं.

गुरुद्वारात लंगर म्हणजे सगळ्यांनी जमिनीवर एका ओळीत बसून एकच अन्न खायचं. मालक, हमाल, बाई, पुरुष, कुठल्याही जातीचा, धर्माचा, ओळ एकच. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मांडी घालायला बंदी केली. म्हाताऱ्यांसाठी भिंतीशी खुर्च्या ठेवल्या आहेत, पण हरजीत त्यावर बसत नाही. वर्षभर ती रविवारी जाते, डाळ ढवळते, वाढते आणि घरी येऊन एकटी जेवते. आता नवऱ्याच्या वर्षश्राद्धाचा लंगर, सगळं गाव तिच्या हातचं जेवणार आणि ओळीत तीच नसणार.

मी म्हटलं, हा शुद्ध हट्ट आहे. खुर्चीने बाटेल असा तुमचा देव आहे का?

"देवाला काय नाय होत," ती म्हणाली. "देव एकच, त्याला ना मूर्ती ना आकार, त्याला खुर्चीशी काय. हे माझं हाय."

मग तिने कॉलनीचं सांगितलं. नवी नवरी म्हणून आली तेव्हा पहिल्या भेटीत प्रत्येक बाई विचारायची, क्वार्टर कुठल्या टाइपचं? त्यावरून नवऱ्याचा हुद्दा कळायचा आणि चहाचा कप ठरायचा. रविवारी मोहिंदर तिला गुरुद्वारात घेऊन जायचा आणि मुद्दाम कुणाच्याही शेजारी बसवायचा. तिथे कुणी टाइप विचारला नाही. "तो म्हणायचा, मेहनतीचं कमवायचं, वाटून खायचं आणि त्याचं नाव घेत राहायचं, एवढंच सांगितलंय गुरूंनी. बाकी सगळा अहंकार. आता मी खुर्चीवर बसून खालच्यांच्या डोक्यांकडे बघत जेवू?"

मी गप्प बसले नाही, पण ते महत्त्वाचं नाही.

दुपारी गुरुद्वारात गेलो. नेमका पत्ता देत नाही, बोईसरमध्ये कुणीही सांगेल. बूट बाहेर, डोकं झाकायचं, रुमाल दारातल्या टोपलीत मिळतात, पण आपला ओढणी-स्कार्फ न्या. आत मूर्ती नसते. ग्रंथच गुरू, त्यावर चवरी ढाळत असतात आणि पाठ ठेवला की दोन दिवस अखंड वाचन चालू असतं. त्या ग्रंथात आपल्या मराठी संताचीही पदं आहेत. हे बोलून दाखवल्याशिवाय मराठी माणसाला गुरुद्वारातून बाहेर पडता येत नाही, म्हणून मीही ग्यानीजींना, म्हणजे ग्रंथ वाचणाऱ्या सेवेकऱ्यांना, ते सांगितलं. ते हसून म्हणाले, "हर मराठी भाई यही बताता है." मी भाई नाही, हे त्यांना सांगायचं राहिलं.

मग मी लंगरात जेवायला बसले. वाढणारे एक पांढऱ्या दाढीचे गृहस्थ पोळी घेऊन आले, मी रीतसर उजवा हात पुढे केला. आपल्याकडे जेवताना डावा हात पुढे करणं म्हणजे वळण नाही. ते थांबले.

"दोनों हाथ, बीबीजी."

"मी एकाच हाताने जेवते."

"खाओ एक से. लो दोनों से."

मला राग आला. दोन्ही हात ओंजळीसारखे पसरायचे ते मागणाऱ्यांनी. माझं पेन्शन येतं. पण माझ्या डावीकडे एका कारखान्याचा मालक बसला होता, हरजीतने नंतर सांगितलं, आणि त्याने आधीच ओंजळ केली होती. त्याच्या पलीकडचा रंगाचे डाग पडलेला कामगारही तसाच. पोळी वरून पडली, गरम होती. इथे सगळेच मागणारे असतात असं हरजीतचं म्हणणं. ते मला आवडलं असं नाही. पण एकालाच मागायला लावत नाहीत, एवढं कबूल.

जेवण साधं आणि उत्तम, डाळ, बटाटा-फ्लॉवर, खीर. भातही असतो, कारण जेवणाऱ्यांत बिहार-ओडिशाचे कामगार बरेच. मासे-मटण नाही. हरजीत घरी पापलेट खाते, पण लंगरात शाकाहारच, म्हणजे कुणीही आलं तरी ताट नाकारायची वेळ येऊ नये. पैसे मागत नाहीत. ताट मात्र आपण उचलायचं, आणि टाकायचं काही नाही.

खुर्च्या भिंतीशी होत्या. त्यावर दोन आजीबाई होत्या, हे ठीक. पण कडक इस्त्रीचे तीन धडधाकट पुरुषही होते आणि मधल्या खुर्चीवर गुरुद्वाराच्या समितीचे प्रधानजी, म्हणजे अध्यक्ष, मोठे ट्रकवाले. मला राहवलं नाही. ताट धुऊन मी सरळ त्यांच्याकडे गेले आणि मैत्रिणीची अडचण सांगून विचारलं की यांचे गुडघे कुठल्या डॉक्टरांनी तपासलेत.

प्रधानजी शांतपणे म्हणाले, "मेरे घुटने ठीक हैं, बहनजी. कमर गई है, तीस साल ट्रक चलाया." मग हलक्या आवाजात, "ये कुर्सी मैंने अपने लिए रखवाई थी. फिर सब आने लगे. अब किसको बोलूँ, सर्टिफिकेट दिखा?"

दुखतंय का याचा पुरावा दारात मागायला लागलो, तर दारात उभं राहणारा एक माणूस आला, आणि तो कुणाला आत सोडायचं ते ठरवणार. मी म्हटलं, मग सगळ्यांनाच टेबल-खुर्च्या द्या, सगळे वर, सगळे सारखे. ते म्हणाले की जागा नाही, आणि लोक ऐकणार नाहीत. माझा उपाय चांगला होता, अजूनही आहे.

रविवारी वाचन संपलं. भोग म्हणतात त्याला, समाप्ती. कीर्तन झालं, मग सगळ्यांनी उभं राहून अरदास, म्हणजे प्रार्थना, केली. तिच्या शेवटी सगळ्यांचं भलं मागतात, सगळ्यांचं, म्हणजे न आलेल्यांचंही. आमच्या शाळेतल्या सिस्टर लोकही हेच शिकवायच्या, पण यादी करून. मोहिंदरचं नाव घेतलं तेव्हा हरजीतने डोळे पुसले नाहीत. ती स्वयंपाकघराकडे बघत होती.

पंगतीमागून पंगत उठली. हरजीत खिरीची बादली घेऊन फिरत होती. वाढणारे शेवटच्या ओळीत बसतात. ती ओळ मांडली तेव्हा प्रधानजींनी आपल्या शेजारची खुर्ची हाताने पुसली आणि तिला बोलावलं. आदराने बोलावलं, यात शंका नाही. मीही म्हटलं, "बस गं, मी पण बसते तुझ्याबरोबर खुर्चीवर."

तिने बादली ठेवली आणि ओळीच्या टोकाला भिंतीपाशी गेली. "वनिता, हात दे."

वनिता नवापूरहून नवी साडी नेसून आली होती. तिने पदर खोचला आणि हात दिला. हरजीत भिंतीला पाठ टेकवून हळूहळू खाली घसरली, शेवटचा वीतभर सरळ आदळली, आणि दोन्ही पाय समोर काठीसारखे ताठ. ते थेट वाढण्याच्या वाटेत आले.

"डॉक्टरांनी काय सांगितलंय?" मी विचारलं.

"मांडी घालू नको सांगितलंय. मी कुटं घातली?"

"आनि उटनार कशी?" वनिताने विचारलं.

"ते माझं काम नाय. बसायचं मी बघितलं, उठवायचं तुमी बघा."

समोरची ओळ मागे सरकली. त्यातला एक तरुण कामगार मागच्या भिंतीला टेकला आणि म्हणाला, "आंटी, और फैलाओ." डाळवाला तिच्या पायांपाशी आला, थांबला आणि वळसा घालून गेला, कारण माणसाला ओलांडून जात नाहीत. प्रत्येक वाढणारा तसाच गेला. पोळी आली तेव्हा हरजीतने दोन्ही हात पुढे केले. ती जेवली. दोनदा डाळ घेतली. मी तिच्या उजवीकडे बसले होते, माझेही गुडघे काही नवे नाहीत, पण तो विषय तेव्हा काढला नाही.

मग उठवणं. मी एका बाजूला, वनिता दुसऱ्या. पहिल्यांदा ओढलं तेव्हा ती निम्मी वर आली आणि परत खाली गेली. वनिता म्हणाली, "लंगर सगला हिनेच खाल्ला काय?" हरजीत हसायला लागली आणि हसणाऱ्या माणसाला उचलता येत नाही, हे ज्यांनी केलंय त्यांना माहीत आहे. तेवढ्यात खुर्ची सरकल्याचा आवाज आला. प्रधानजी उठले होते. कमरेला एक हात लावून त्यांनी स्वतःची खुर्ची ढकलत ओळीपर्यंत आणली आणि तिच्या समोर घट्ट धरून ठेवली. हरजीतने खुर्चीच्या बैठकीवर दोन्ही तळवे रोवले, आम्ही काखेत हात घातले, आणि ती उभी राहिली. प्रधानजी तसेच खुर्ची धरून, ओठ मिटून उभे होते. त्यांना किती दुखत होतं ते दिसत होतं.

इस्त्रीवाल्या तिघांपैकी एकाने त्यांना बसायला आपली खुर्ची दिली. दोघांनी दिली नाही. जे झालं ते लिहिते.

सोमवारी पालघरमार्गे परतले. स्टेशनाजवळ पोटभर मासळी थाळी मिळते, आमटी तिखट असते, सोलकढी मागून घ्या. जिल्ह्याचं नवं मुख्यालय बाहेरून पाहिलं. इतक्या पायऱ्या कुणासाठी बांधतात ते मी विचारणार होते, पण सोमवार असून विचारायला कुणी सापडलं नाही.

घरी येऊन आठवडा झाला. मी काही बदलले नाही. देवाचं नाव घ्यायला लागले नाही, सेवा करायला कुठे जात नाही, आणि सेक्रेटरीशी माझं भांडण चालूच आहे. अहंकार त्यांच्या धर्मातल्या पाच विकारांतला एक असेल, माझा मला उपयोगी पडतो. पण एक गोष्ट मनातून जात नाही. मी सगळ्यांना सारख्या उंचीवर बसवायच्या मागे होते. हरजीतला उंचीचं काही पडलं नव्हतं. जिथून एकटीला उठता येणार नाही अशा जागी ती जाणूनबुजून जाऊन बसली, आणि आम्ही तिथे आहोत हे तिने धरूनच चाललं होतं. माझ्या आयुष्यात मी अशी एकदाही बसलेली नाही. हे चांगलं की वाईट ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काल तिचा फोन आला. डॉक्टर खूप ओरडले म्हणे. मी म्हटलं, बरं झालं. ती म्हणाली, "रविवारी परत बसनार हाय. वनिता येते, पन एक हात कमी पडतो."

मी तेव्हा उजव्या खांद्याला शेक देत होते, तिला ओढताना भरलाय तो. म्हणून लगेच हो म्हटलं नाही. आज सकाळी म्हटलं.