पिझ्झाच्या भट्टीत ओलं पोतं

“सर, पिझ्झा खालून कच्चाच राहतोय. शनिवारी ओपनिंग आहे. नाहीतर तुमची भट्टी पाडून गॅसचा ओव्हन बसवते.”

मीरा मॅडमचा फोन आला तेव्हा मी बंगळुरात, व्हाइटफील्डच्या ट्रॅफिकमध्ये अडकलो होतो. मॅडम मूळच्या पुण्याच्या. इथली आयटीतली नोकरी सोडून त्यांनी गोकर्णला समुद्रकाठी रेस्टॉरंट काढलं. मी बंगळुरात राहून रेस्टॉरंटना लाकडावरच्या भट्ट्या बांधून देतो. भट्टी पाडली तर माझं नाक कापलं जाणार होतंच. पण खरी धास्ती बाळूअण्णांच्या नोकरीची होती. निपाणीला आमच्या वडिलांची बेकरी होती, तिथले ते भट्टीवाले. बेकरी बंद पडली आणि त्यांच्या हाताला काम उरलं नाही. मीच शब्द टाकून त्यांना मॅडमकडे लावलं होतं. गॅस आला की अण्णा परत घरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी गोकर्ण गाठलं. समोर समुद्र, पुढ्यात पिझ्झा. वरून चीज छान वितळलेलं. तुकडा उचलून पाहिला तर खालची बाजू पांढरीफटक, दातांना चिकटणारी.

कामाला लागलो. विटांना तडा नव्हता. धुराडं साफ होतं. लाकडं खडखडीत वाळलेली. तापमान मोजायची गन लावली, तर वरचा घुमट गरम आणि फ्लोअर, म्हणजे पिझ्झा ज्यावर ठेवतात त्या विटा, बऱ्याच गार.

“अण्णा, एक पिझ्झा लावा की माझ्यासमोर.”

अण्णांनी सगळे निखारे ओढून बाहेर काढले. बांबूला बांधलेलं पोतं पाण्यात बुचकळलं आणि फ्लोअर पुसून घेतला. फस्सदिशी वाफ आली. तापल्या विटांवरच्या ओल्या पोत्याचा तो वास नाकात शिरला आणि मी थेट निपाणीला, वडिलांच्या बेकरीत जाऊन उभा राहिलो. वडिलांची फार आठवण झाली. काय बिघडलंय तेही त्याच क्षणी कळलं. पाव असाच भाजतात. भट्टी तापवायची, आग काढायची, राख पुसायची आणि विटांत मुरलेल्या उष्णतेवर पाव फुलवायचा. पिझ्झाला मात्र आग आत, एका बाजूला, जळतीच लागते; आग काढून ओलं पोतं फिरवलं की फ्लोअर गार पडतो आणि पिझ्झा खालून कच्चा राहतो.

मॅडमनी विचारलं, “प्रॉब्लेम भट्टीत आहे की माणसात?”

“माझ्यात,” मी म्हणालो.

खरंच होतं ते. ड्रॉइंग, इंग्रजी सूचना, सगळं मी मॅडमना मेल केलं होतं. अण्णांना एक शब्द सांगितला नव्हता. ज्यांनी मला लहानपणी भट्टी शिकवली, त्यांना मी काय शिकवणार?

आता सांगितलं, तर अण्णा उखडले. “आग आतच ठिवून भाजायचं? जळतंय की रे!”

“स्वल्प, थोडं करून बघा तरी.”

“सरी, बरं. तू म्हणतोस म्हणून.”

पहिला पिझ्झा जळलाच. अण्णांनी माझ्याकडे ‘बघ’ म्हणून पाहिलं. दुसरा लवकर काढला. खालून खमंग, तांबूस डागांचा. मॅडमनी तो उभ्या उभ्याच संपवला आणि गॅसचं नाव काढलं नाही.

ओपनिंग पार पडलं. रविवारी सकाळी विटा अजून गरम होत्या. अण्णांनी कुणालाही न विचारता पोतं भिजवलं आणि पावाचा एक घाणा लावला. मॅडमनी त्यातला एक पाव चहाबरोबर खाल्ला. तेव्हापासून तिथे सकाळी पाव मिळतो.

हल्ली नवी ऑर्डर आली की मी जागेचं माप नंतर घेतो. आधी विचारतो, भट्टीवर कोण उभं राहणार आणि आजवर त्यानं काय भाजलंय.