बार्शीटाकळीहून अमरावतीच्या टेलिफोन वर्गाला: आम्ही तिघी

पत्रात स्वच्छ लिहिलं होतं की उमेदवाराने एकटीने हजर राहावे. आम्ही तिघी निघालो: मी, माझी नऊ महिन्यांची प्रज्ञा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे.

अकोला-अमरावती आज तुम्ही मोटारीत गाणी ऐकत दोनेक तासांत उरकता. हरकत नाही, उरका. पण हाच रस्ता मी एकदा कसा केला ते लिहून ठेवावंसं वाटतं. साठ सालानंतरची गोष्ट, दिवस हिवाळ्याचे. आम्ही बार्शीटाकळीत राहत होतो. माझे यजमान तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर. मी मॅट्रिक झालेली, टेलिफोन ऑपरेटरच्या जागेसाठी अर्ज केला आणि निवड झाली. दीड महिन्याचा वर्ग अमरावतीला, आणि पास झालं तर नोकरी अकोल्याच्या एक्स्चेंजमध्ये.

पत्र वाचून मास्तर म्हणाले, "पोरगी अंगावर पिते. या वर्षी राहू दे. पुढच्या वर्षी अर्ज कर."

आत्याबाई ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "पुढच्या वर्षी दुसरं लेकरू राहीन अंगावर. तवा काय म्हनशीन? ते जाते, मी जातो, पोट्टी जाते. तू शाळेत जाय."

मास्तर वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त सगळं जागच्या जागी हवं असायचं. स्टेशनवर ट्रंक मात्र त्यांनीच डोक्यावर घेतली.

बार्शीटाकळीहून तेव्हा लहान रुळांची गाडी होती. सकाळी निघून अकोल्याला उतरलो आणि मोठ्या लाइनीच्या गाडीची वाट बघत फलाटावरच डबा सोडला: ज्वारीची भाकर, जवसाची चटणी, भाजलेली वांगी. तिसऱ्या वर्गाचं तिकीट बडनेऱ्यापर्यंत दोन-अडीच रुपयांच्या आतबाहेर असावं, आता नक्की आठवत नाही. मूर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली. तिथे एका बाईने तुरीच्या उकडलेल्या शेंगा विकायला आणल्या होत्या. मीठ लावलेल्या, गरम. कधी डिसेंबरात त्या बाजूला गेलात तर शेंगा शोधून खा. बडनेऱ्याला उतरून अमरावतीची छोटी फेरीची गाडी धरली आणि ऊन उतरायच्या आत पोचलो.

आता खोली. राजापेठेत एका घरी खोली रिकामी आहे असं मास्तरांच्या ओळखीच्या एकाने सांगितलं होतं. घरच्या बाई चांगल्या बोलल्या, प्रज्ञाचे गाल ओढले, पाणी दिलं. मग आडनाव विचारलं. मी सांगितलं. आडनावावरून त्यांना जात नीट उमगेना. मी गप्प राहिले असते तर निभावून गेलं असतं.

आत्याबाई म्हणाल्या, "आमी बौद्ध आहो."

बाईंचा चेहरा बदलला नाही, एवढंच बरं. त्या म्हणाल्या, "खोली कालच दिली हो. माझ्या ध्यानातच नाही राहिलं."

रस्त्यावर आल्यावर माझा तोल गेला. "तुम्ही थोडं थांबल्या असत्या तं काय झालं असतं, आत्याबाई?"

"काहून? दीड महिना तोंड दाबून राहू काय? नागपूरवून आलो छप्पन सालात, तवापासून हे तोंड दाबलं नाई. आता तुह्या नोकरीसाठी दाबू?"

मला राग आला होता आणि त्या बरोबर होत्या. दोन्ही एकाच वेळी. शेवटी फ्रेजरपुऱ्यात बडनेऱ्याच्या गिरणीत कामाला जाणाऱ्या एका कुटुंबाने टिनाची एक खोली दिली. काही विचारलं नाही, चूल पेटवून दिली.

टेलिफोन ऑफिसच्या वरच्या मजल्यावर आमचा वर्ग भरायचा. आम्ही सहा जणी. तुमच्या पिढीने बोर्ड पाहिला नसेल म्हणून सांगते: भिंतीएवढं लाकडी कपाट, त्यात रांगेने शेकडो भोकं, आणि प्रत्येक भोक म्हणजे गावातला एक फोन. कोणी फोन उचलला की त्याच्या भोकाजवळचा लहानसा पडदा खट्‌कन पडायचा. आपण दोरीचं टोक त्यात खुपसायचं, नंबर विचारायचा आणि दुसरं टोक त्या नंबरात खुपसायचं. कानांवर हेडफोन, गळ्यात तुतारीसारखा बोलायचा भोंगा. अमरावतीचा अख्खा बोलका भाग आमच्या दहा बोटांत.

शिकवायला पुण्याच्या साठे बाई. चाळिशीच्या, पांढरी साडी, हातात पेन्सिल आणि एक काळी वही. चूक झाली की वहीत टिंब. पहिल्याच दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी भोंग्यात म्हटलं, "मी बोलतो, नंबर सांगा."

"बोलतो?" साठे बाई म्हणाल्या. "तुम्ही पुरुष आहात का? बोलते म्हणा."

वर्गात हसू झालं. आमच्याकडे बायाही बोलतोच म्हणतात, हे त्यांना कोणी सांगायचं? टिंब पडलं.

प्रज्ञाला मी लपवली होती. म्हणजे आत्याबाई तिला घेऊन ऑफिसच्या मागच्या अंगणात कडुनिंबाखाली बसायच्या, आणि चहाच्या सुट्टीत मी धावत जाऊन पाजून यायचे. शेजारच्या खुर्चीवरची लीला, अमरावतीचीच मुलगी, तिला हे माहीत होतं. चौथ्या दिवशी सुट्टी उशिरा झाली. खालून प्रज्ञाच्या रडण्याचा आवाज आला. मी दोरी हातात धरून बसले होते आणि माझं पोलकं समोरून ओलं होत गेलं. पदर ओढला तरी दिसायचं ते दिसलं. लीलाने माझ्या हातातली दोरी घेतली आणि हळूच म्हणाली, "तू जाय."

मी परत आले तेव्हा साठे बाई जिन्यात उभ्या होत्या. मागोमाग आत्याबाईही प्रज्ञाला घेऊन वर आल्या.

"मूल आणि बोर्ड एकत्र चालणार नाही," साठे बाई म्हणाल्या. "तुम्ही उद्यापासून येऊ नका. मूल मोठं झालं की बघता येईल."

आत्याबाई म्हणाल्या, "लेकरू झाडाखाली हाय. तुमच्या बोर्डाले काय करून राहिलं ते?"

"आजी, तुम्ही मध्ये बोलू नका."

मी म्हटलं, "मी उद्या येतो, बाई. नाव कापायचं असंल तं कापा. पण कागदावर लिहून द्या, काहून कापलं ते. टिंब जास्त झाले म्हणून, का मले लेकरू हाय म्हणून."

कागद साठे बाईंनी दिला नाही. मी दुसऱ्या दिवशी वेळेआधी दहा मिनिटं खुर्चीवर जाऊन बसले. तिसऱ्या दिवशीही. त्या दिवसापासून वहीतलं माझं पान बाकी पाचजणींपेक्षा भराभर भरू लागलं. दोरी जरा सैल राहिली, टिंब. आवाज चढला, टिंब. मग मीही ठरवलं की टिंब टाकायला जागाच ठेवायची नाही. खोलीवर भाकरी थापताना मी नंबर पाठ म्हणायचे आणि आत्याबाई अमरावतीच्या व्यापाऱ्यांची नावं घेऊन मला फोन लावायला सांगायच्या. त्यांनी आयुष्यात फोन कानाला लावला नव्हता.

चौथ्या आठवड्यात आम्हाला मोर्शीला नेलं, लहान गावचा हाताने फिरवायचा बोर्ड दाखवायला. एसटीच्या स्टँडवर साठे बाईंनी आमच्या मागे पाहिलं. आत्याबाई प्रज्ञाला घेऊन रांगेत उभ्या.

"या कुठे निघाल्या?"

"मोर्शीले," आत्याबाई म्हणाल्या. "बस तुमच्या ऑफिसची नाई न बाई? टिकीट माह्यं हाय."

माहुली जहागीर सुटलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना संत्र्याची झाडं लागतात. आंबिया बहाराची फळं तोडणीला आली होती. फांद्यांना बांबूचे टेकू दिलेले, खाली टोपल्यांचे ढीग, आणि बसमध्ये सालीचा वास. प्रज्ञा खिडकीला चिकटली होती. साठे बाई पुढच्या बाकावर ताठ बसून होत्या. एकदाच वळून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

मोर्शीत प्रत्येकीला खऱ्या बोर्डावर एकेक तास बसवलं. माझ्या तासाला एक म्हातारा शेतकरी आला. त्याच्या बायकोचं नागपुरात ऑपरेशन होतं आणि मुलगा तिकडून बोलणार होता. नागपूर लागलं. मी जोडून दिलं आणि नियमाप्रमाणे बाजूला झाले. पण बूथमधून म्हातारा ओरडू लागला, "काय? काय म्हनतं? काई ऐकू नाई येत!" लाइन क्षीण होती. लाइन तपासायला मी हेडफोनमध्ये ऐकलं, तर मुलगा घसा फोडून सांगत होता ते मला ऐकू येत होतं. म्हाताऱ्याला नाही. त्याचा आवाज रडवेला झाला.

दुसऱ्याचं बोलणं ऐकायचं नाही, मध्ये पडायचं नाही, हा वर्गातला पहिला धडा. मी बोलायची चावी दाबली.

"काका, मी बोर्डावरून बोलतो. घाबरू नका. ऑपरेशन झालं. काकू शुद्धीवर आल्या. त्यांनी पाणी मागितलं म्हनून सांगून राहिला तुमचा पोरगा."

"पानी मांगितलं?"

"हो. आजच्या दिवस देऊ नका म्हनते डॉक्टर. तुमी उद्या या म्हनते."

म्हातारा म्हणाला, "येतो म्हना. उद्या येतो म्हना त्याले." मी नागपूरला सांगितलं.

वळून पाहिलं तर साठे बाई मागेच.

"लाइनवर ऐकायचं नसतं."

"ऐकू आलं, बाई. त्याले येत नव्हतं."

"तुम्ही नियम मोडलात."

"मोडला. लिहा."

त्यांनी वही उघडली आणि लिहिलं. टिंब नव्हे, दोन-तीन ओळी. बूथमधून बाहेर आलेल्या म्हाताऱ्याला माझ्यापर्यंत येऊ दिलं नाही. तो अंगणात गेला आणि पिशवीतली संत्री तिथे प्रज्ञाला घेऊन बसलेल्या आत्याबाईंच्या ओटीत ओतून निघून गेला. त्या माझ्या कोण, हे त्याला माहीत नव्हतं.

परीक्षेत मी पास झाले. सहा जणींत तिसरी. शेवटच्या दिवशी साठे बाईंनी मला बोलावून शेरा वाचून दाखवला: काम जलद, भाषा ग्रामीण, शिस्त कमी, मूल सोबत. "तुमचं नाव कमी करावं असं मी वर लिहिलं होतं," त्या म्हणाल्या. "उत्तर आलं नाही. मला आजही वाटतं की तुमचं नाव राहिलं ही चूक झाली."

"वाटू द्या, बाई," मी म्हटलं आणि नमस्कार केला. त्यांनीही केला.

परतीचा प्रवास तोच: फेरीची गाडी, बडनेरा, अकोला, लहान रूळ. बार्शीटाकळीच्या फलाटावर मास्तर आले होते, नवा सदरा घालून. त्यांनी हात पुढे केले तर प्रज्ञा भोकांड पसरून आत्याबाईंच्या मानेत शिरली. दीड महिन्यात बापाला विसरली होती. ते हसले आणि वळून ट्रंक डोक्यावर घेतली. आत्याबाईंनी त्यांना सांगितलं, पोरगी उभी राहिली, अमरावतीत, कडुनिंबाखाली, दोन पावलं टाकून बसली. मी त्या वेळी वर होते. ती दोन पावलं मीही पाहिली नाहीत.

हे मी लपवत नाही. अमरावतीत दोनदा तिला ताप आला, माझं दूध लवकर आटलं, आणि मास्तरांच्या मनात काहीतरी बारीक मोडलं ते पुढे बरीच वर्षं कधी ना कधी टोचायचं. प्रवासातून माणूस काय आणतो असं विचारतात, तेव्हा हेही सांगायला हवं. त्याच तराजूत दुसरीकडे मोर्शीचा तो तास आहे, आणि जिन्यात उच्चारलेलं एक वाक्य. त्या वाक्याआधी मी कोणाला कारण विचारलं नव्हतं. नंतर विचारायचं सोडलं नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीने मी अकोल्याला ड्यूटीवर निघाले. प्रज्ञा दारात आत्याबाईंच्या हाताला धरून उभी होती, आणि मी रस्त्याला लागताच रडायला लागली. मी वळून पाहिलं आणि गेले.