अर्ध्या गाण्याची वाटणी

निमोण्यात रोहिदासच्या घरासमोरून जाणाऱ्याला कित्येक वर्षं नुसता तबला ऐकू यायचा. गाणारा नाही, पेटी नाही, फक्त तबला. गल्लीत नवीन आलेल्या सुना बिचकायच्या. शेजारधर्म म्हणून मी त्यांना सांगायचो, "गाणारा राहूला नांदायला गेलाय बाई. तबला माहेरीच राहिला."

खोटं नव्हतं ते. रोहिदास आणि त्याचा थोरला भाऊ मच्छिंद्र यांनी लग्नाआधी पुण्याच्या जुन्या बाजारातून सागवानी स्पीकरची जोडी आणली होती, एस.टी.च्या टपावर बांधून. त्यांच्या लाडक्या भजनाच्या कॅसेटमध्ये डाव्या खोक्यातून तबला यायचा आणि उजव्यातून बुवांचा आवाज. पुढे विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून भाऊ भांडले, वाटणी झाली. पंच म्हणाले, जोडी तरी एकाकडं राहू द्या. रोहिदास अडून बसला, "सगळं निम्मं, म्हंजी हे बी निम्मं."

मच्छिंद्र उजवं खोकं घेऊन दौंड तालुक्यातल्या राहूला, सासुरवाडीच्या जमिनीवर गेला. कॅसेट दोघांकडंही होती. भीमेच्या अलीकडं तबला, पलीकडं बुवा. दोघांपैकी कुणीही दुसरा स्पीकर आणला नाही. मी रोहिदासला चिडवायचो, "अरे, दुसरी कर की." तो म्हणायचा, "ह्याच्या जोडीला दुसरं बसत न्हाई." आणि आपल्या खोक्याचे सांधे तपासत बसायचा.

यंदा संक्रांतीनंतर मच्छिंद्रला दवाखान्यानं घरी पाठवलं. असं घरी पाठवलं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळतं. त्याच्या बायकोचा, सिंधूबाईंचा फोन आला, "भावजी, ह्यांना जोडी ऐकायचीय. एकदा."

माझ्या पिकअपमधून आम्ही राहूला निघालो. रोहिदास पुढं बसायला तयार नाही. मागं खोक्याला मिठी मारून बसला. "नवरी आणतोयस जणू," मी ओरडलो. तो हसला नाही, तेव्हा मी खड्डे चुकवत गाडी चालवली.

मच्छिंद्र कॉटवर होता. अंगावर मांस उरलं नव्हतं, जीभ मात्र शाबूत. "हौश्या, तुझी गाडी अजून चालती? मग मी कशाला भ्यायचं?" नंतर भावाकडं वळून म्हणाला, "रोह्या, म्हातारा झालास की. चल, लाव."

रोहिदासनं उजवं खोकं पुढं ओढलं. कोपरे उकललेले, मागची फळी उंदरांनी कुरतडलेली. त्यानं स्पीकरचा पडदा बोटांनी हलकेच आत दाबला आणि सोडला. पडदा लगेच उडून बाहेर आला. असलं खोकं हवाबंद लागतं. आतली हवा पडद्याला धरून ठेवते, तो सावकाश परततो आणि आवाज भरीव येतो. चीर पडली की आवाज नुसता फाटका.

"दादा, ह्ये हवा धरत न्हाई. असं लावलं तर बुवा पत्र्याच्या डब्यात बसल्यावानी वाटतील."

"वाटू दे."

"आठवडा दे मला. नव्यासारखं करतो."

"आठवडा? लय मोठं मागतोस." मच्छिंद्र कॉटच्या लाकडावर बोटांनी ठेका धरत होता. सिंधूबाई म्हणाल्या, "भावजी, लावा ना जराशी. एवढी वर्षं ते तबला आसाच हातानं वाजवत्यात."

मीही म्हणालो, लाव. पण रोहिदासनं ऐकलं नाही. "निम्मं झालं ते झालं, वैनी. आता देईन ते चांगलंच देईन." दोन्ही खोकी गाडीत चढली.

घरी त्यानं फळी खोलली. जुना डिंक खरवडला, लाकडाचा बारीक भुसा फेव्हिकॉलमध्ये कालवून सांध्यांत दाबला, आतून सिलिकॉन ओढलं. स्पीकरच्या कडेखाली सायकलच्या ट्यूबची चकती कापून बसवली. मग सुतळीनं आवळून ओट्यावर वाळत ठेवलं. वाळल्यावर पडदा आतबाहेर हलवत उदबत्ती सांध्यांवरून फिरवायची, धूर जिथं हलेल तिथं गळती. खालच्या एका कोपऱ्याला धूर जरासा हलला. त्यानं तो कोपरा पुन्हा खरवडला.

त्याची बायको मुक्ताबाई ओट्यावर येऊन कडाडली, "तिकडं माणूस वाट बघतोय आन् तुम्ही धूर बघताय!"

"वाट बघतोय तवर हाय त्यो," रोहिदास म्हणाला. मला विनोद सुचला होता, तो मी गिळला.

दुसऱ्या सकाळी राहूहून फोन आला. खोकं अजून सुतळीत आवळलेलं होतं. रोहिदासनं फोन कानाला लावला आणि हाताचा फेव्हिकॉल किती तरी वेळ सदऱ्याला पुसत राहिला.

सुतकात गाणं लावता येत नाही. तेरावा झाल्यावर सिंधूबाईंनीच निरोप धाडला, घेऊन या. कॉट आता उचलली होती. भिंतीशी दोन खोकी उभी केली, कॅसेट घातली.

खरं सांगतो, असा आवाज मी आयुष्यात ऐकला नव्हता. तबल्याची थाप छातीत बसत होती आणि बुवा जणू समोर मांडी घालून बसले होते. सिंधूबाई चौकटीला टेकून सबंध बाजू ऐकत राहिल्या. कॅसेट थांबली तेव्हा म्हणाल्या, "चांगलं झालंय भावजी. पण ते फाटक्यावर बी खूश झाले आसते."

"व्हय वैनी."

रोहिदासचा हात खोक्याच्या डोक्यावरच होता.

"मला शिव्या तरी द्या वैनी," तो म्हणाला. "मोठ्यानं द्या."

"देऊन काय करू?" सिंधूबाई पदरानं तोंड पुसत आत वळल्या. "बसा. लांबून आलाय. च्या टाकते."