गव्याच्या पाठीवर गाडी

रागाला कारण लागतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा कोकणातल्या आमच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, येऊन आप्पा गोताडांना भेटावं. आप्पांना राग आधी येतो. कारण मागाहून धापा टाकत येतं आणि बहुतेक वेळा तोवर आप्पांचं बोलून झालेलं असतं. दूध पातळ आलं की दूधवाल्यावर राग, घट्ट आलं की "आज पाणी घालायला विसरलास काय रे?" म्हणून पुन्हा त्याच्यावरच राग. त्यांची बायको सोनूबाई गेली चाळीस वर्षं हा राग लोक रेडिओ ऐकतात तसा ऐकते. हातातलं काम थांबवत नाही, आणि मध्येच एखादं वाक्य बरं वाटलं तर हसते.

आप्पांचं खरं नाव भिकाजी. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टर, आणि त्यातली निम्मी वस्तीच्या गाडीवर. देवरूखच्या आतल्या डोंगरात संध्याकाळी शेवटची गाडी जायची, रात्री गावातच मुक्कामाला राहायची आणि पहाटे परत फिरायची. गाव येईपर्यंत काळोख झालेला. गाडी वळवायला जागा किती, तर खळ्याएवढी. एका बाजूला विहीर, दुसऱ्या बाजूला देवळाची दीपमाळ. आप्पा बॅटरी आणि शिट्टी घेऊन खाली उतरायचे आणि ते गाडीचं धूड ड्रायव्हरला इंचाइंचाने मागे घ्यायला लावायचे. एवढ्या वर्षांत विहिरीत एक चाकही गेलं नाही. हे सांगताना आप्पा असे भडकतात, की ते चाक विहिरीत घालायला जणू आपणच निघालो होतो.

असा माणूस निवृत्त झाला आणि त्याच्या मुलाने, निलेशने, नेमका गाड्या लावायचाच धंदा काढला. आरे-वारेच्या किनाऱ्याच्या वर, सड्यावर, गोताडांचा दीड-दोन एकर उघडा कातळ आहे. पावसाळ्यात गवत, एरवी नुसता जांभा. तिथे निलेशने चार तंबू ठोकले, नळ आणला, न्हाणीघर बांधलं. हल्ली लोक घरच गाडीत घालून फिरतात, त्यांनाही रात्री उभं राहायला जागा ठेवली. आत पलंग, चूल, बेसिन असली पहिली गाडी आली तेव्हा आप्पांनी तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मालकाला विचारलं, "घर हाय ना तुम्हाला? मग घरी काय झालं?"

पण आप्पांचा सगळ्यात मोठा राग राखून ठेवलेला होता तो गव्यासाठी.

त्याच कातळावर, तंबूंपासून थोडं लांब, एक कातळशिल्प आहे. जमिनीवर आडवा खोदलेला, चांगला पंधरा हात लांब प्राणी. कुणी म्हणतं बैल, कुणी म्हणतं हत्ती, आप्पा म्हणतात गवा, आणि गवा म्हणायचं नसेल त्याला चहा मिळत नाही. किती शतकांपूर्वी कुणी खोदला ते कुणालाच नक्की माहीत नाही. आप्पांच्या लहानपणी त्याच्यावर नाचणी वाळत घालत. शेजारच्या जमिनीत असाच एक मासा होता. मालकाने जमीन चिऱ्यांच्या खाणीला दिली, मशीन आलं, आणि माशाचे चौकोनी चिरे होऊन ते कुणाच्या तरी कुंपणात गेले. खालच्या वस्तीत एका भिंतीत अजून शेपटाच्या दोन रेघा दिसतात. मशीन सुरू झालं त्या दिवशी आप्पांनी ते ड्युटीवर जाताना पाहिलं होतं. "उद्या बघू" म्हणून ते गाडीवर चढले. उद्या बघायला काही उरलं नव्हतं. तो राग आप्पांनी शेजाऱ्यावर काढला, मशीनवाल्यावर काढला, पण संपला नाही, कारण त्यातला मोठा वाटा कुणाच्या नावावर लावायचा ते त्यांना पुरतं ठाऊक होतं.

म्हणून निवृत्तीनंतर त्यांनी गव्याभोवती चिऱ्यांची चौकट घातली. रोज सकाळी झाडू. शाळेची मुलं आली तर चपला बाहेर. एकदा संध्याकाळी एका गुराख्याची म्हैस चौकटीत गेली. "काळोखात दगड दिसलं नाय ओ," असं तो म्हणाला. त्यावर आप्पांनी दिवाळीत सगळ्या चिऱ्यांना पांढरा चुना फासला. दोन हात दिले. आता आंधळ्यालाही दिसेल, असं ते आम्हाला रागारागाने म्हणाले.

डिसेंबरातल्या एका शनिवारी ठाण्याहून एक जोडपं असली घरगाडी घेऊन येणार होतं. चार वाजता येतो म्हणाले होते. निलेश गॅसचा सिलिंडर आणायला रत्नागिरीत गेला आणि जाताना आप्पांचा दोस्त म्हणून मला बसवून गेला. "काका, बाबांवर जरा लक्ष ठेवा. ते पाहुण्यांशी बोलायच्या आधी तुम्ही बोला."

चार वाजले, पाच वाजले, सूर्य समुद्रात गेला. आप्पा चार वाजल्यापासून तापत होते. साडेसातला, चांगला काळोख झाल्यावर, आप्पांचा फोन लागला.

"कुठे आहात?"

"काका, मॅप सहा मिनिटं दाखवतोय."

"मॅपला काय दिसतंय ते नको. तुम्हाला काय दिसतंय?"

"अंधार."

"अंधार हितंपन हाय! अंधारात काय दिसतंय?"

पलीकडे थोडा विचार झाला. "झाडं."

"कसली?"

"हिरवी."

आप्पांनी फोन माझ्या हातात दिला, बॅटरी आणि जुनी शिट्टी घेतली आणि तरातरा फाटकाकडे निघाले. मी मागोमाग. सोनूबाई भाकऱ्या थापत होत्या. त्या म्हणाल्या, "जरा दमानं घ्या, गिऱ्हाईक हाय." आप्पा म्हणाले, "बत्तीस वर्षं पॅसेंजर सांभाळले मी!" सांभाळले म्हणजे कसे, ते त्या पॅसेंजरांना विचारायला हवं.

आम्ही फाटकात उभे. पंधरा मिनिटं झाली. समोरच्या रस्त्यावर एक दिवा नाही. आणि अचानक पाठीमागून, आमच्याच कातळावरून, आवाज आला. ठक. मग पुन्हा ठक, ठक.

मॅपने त्यांना खाली फाटकाकडे न आणता वरच्या खाणीच्या वाटेने मागून आत घातलं होतं.

अडुसष्ट वर्षांचा, एक गुडघा रुसलेला माणूस कातळावर इतक्या वेगाने धावू शकतो हे मला त्या दिवशी कळलं. मी पोहोचलो तेव्हा आप्पा उभे होते. तोंड उघडं, पण आवाज नाही. त्यांना असं आवाजाविना मी प्रथमच पाहत होतो आणि मला त्यांच्या तब्येतीची काळजी वाटली.

पांढऱ्या चौकटीच्या बरोबर मधोमध ती भलीथोरली गाडी उभी होती. चारी बाजूंना सारखं अंतर. बाजूला घडीच्या दोन खुर्च्या, टेबलावर दिवा, दिव्याजवळ बाई चिवड्याचा डबा उघडत होत्या. गाडीच्या कुशीतून कापडी छत बाहेर काढलं होतं आणि त्याची दोरी बांधायला तो गृहस्थ हातोड्याने लोखंडी मेख कातळात ठोकत होता. आम्हाला बघून तो प्रसन्न हसला.

"नमस्कार काका! मी चारुदत्त, ही मनस्विनी. उशीर झाला, सॉरी हं. पण पार्किंग काय मस्त आखलंय तुम्ही! व्हाइट मार्किंग, एकदम सपाट. आमच्या सोसायटीत पण इतकं नीट नाही. फक्त आत यायला दोन दगड जरा सरकवावे लागले."

"उतर," आप्पा म्हणाले.

"मी उतरलोच आहे, काका."

"गव्यावरनं उतर!"

"गवा?" चारुदत्तने हातोडा टाकला. "कुठाय गवा? मनू, आत हो!" बाई चिवड्यासकट गाडीत. तोही उडी मारून स्टिअरिंगवर, आणि हात चावीकडे.

आप्पा गाडीच्या समोर जाऊन हात पसरून उभे राहिले. "चाक जागेवर फिरवलंस तर आधी माझ्यावरनं घाल! मेल्या, दगड हाय तो! रेघा निघतील त्याच्या! चार तासांचा उशीर करतोस, हिरवी झाडं सांगतोस, मागच्या दारानं चोरासारखा येतोस, आणि गव्याच्या पाठीवर बसून चिवडा खातोस? नाय, तुला दुसरी जागा नाय मिळाली? रायगडापासून हितंपर्यंत सगळा डोंगर मोकळा हाय!"

काचेमागे दोन घाबरलेले चेहरे. त्यांना अजून जिवंत गवाच अपेक्षित होता. मी मध्ये पडून सांगू लागलो, पण आप्पांच्या आवाजापुढे माझं कोण ऐकणार? शेवटी सोनूबाई पिठाचे हात पदराला पुसत आल्या. त्यांनी आप्पांच्या हातातून बॅटरी काढून घेतली, खाली बसल्या आणि उजेड जमिनीलगत आडवा धरला. आडव्या उजेडात रेघांना सावली आली. आधी शिंगं दिसली, मग वशिंड, मग ती लांबलचक पाठ, गाडीखालून पलीकडे गेलेली. एक चाक मानेवर होतं, एक मागच्या पुठ्ठ्यावर.

"अगं बाई," मनस्विनी हळू म्हणाली. "आपण ह्याच्यावर आहोत?"

चारुदत्तने चावीवरचा हात चटका बसल्यासारखा काढला. "काका, आम्हाला खरंच माहीत नव्हतं."

"काका नाय, मास्तर म्हण!" आप्पा ओरडले. एसटीत ड्रायव्हर कंडक्टरला मास्तरच म्हणतात. "आता मास्तर म्हणून ऐकायचं."

गाडी काढायची तर आली तशीच, सरळ मागे. स्टिअरिंग जागेवर फिरवलं की चाक कातळ दळणार. छत आणि खुर्च्या आवरून आम्ही घरातली होती नव्हती तेवढी गोणपाटं आणली, चाकांच्या वाटेवर दुहेरी अंथरली. चारुदत्त म्हणाला, "मागे कॅमेरा आहे, मला दिसतं."

"तो बंद कर. दिवाही नको. माझी शिट्टी फक्त."

"शिट्टीचं नक्की काय समजायचं, मास्तर?"

"तुटक वाजली की ये. लांब वाजली की मर."

"म्हणजे थांबा," सोनूबाईंनी खुलासा केला.

आणि मग आप्पा कामाला लागले. गाडीच्या मागे कंबरेत वाकून उभे राहिले, एक हात पत्र्यावर, दुसऱ्यात बॅटरी. तुटक शिट्टी. गाडी वीतभर मागे. लांब शिट्टी. आप्पा गुडघ्यावर बसून चाकाखाली बघणार, गोणपाट सरळ करणार, उठणार, गुडघ्याला शिवी देणार, पुन्हा तुटक शिट्टी. तेवढ्या वीस पावलांना पाऊण तास लागला. थंडीतही त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. शेवटचं चाक चौकटीबाहेर गेलं तेव्हा त्यांनी पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि तिथेच खाली बसले.

मानेवर टायरचा काळा पट्टा होता. सोनूबाईंनी तो पाण्याने आणि नारळाच्या काथ्याने काढला. पुठ्ठ्याला काही झालं नव्हतं. मग मेख. ती सरळ डोक्यात शिरली होती. ज्याने गवा खोदला त्याने त्याला डोळा दिलेला नव्हता. का, ते कुणाला माहीत. आप्पा म्हणायचे, तो झोपलाय. निलेश एव्हाना परत आला होता. त्याने मेख हळूहळू हलवून काढली. खाली गोल, बोट जाईल एवढं भोक. जिथे डोळा असायला हवा, तिथेच.

"मी भरून देतो," चारुदत्त रडवेला झाला होता. "सिमेंट लावून..."

"सिमेंट!" आप्पा उठले. आता ह्या माणसाची धडगत नाही, असं आम्हा सगळ्यांना वाटलं. निलेश तर पुढे सरसावला. पण आप्पा वळले ते माझ्याकडे. "ह्याला काय बोलू? सांग की! चौकट कुणी घातली? मी. चुना कुणी फासला? मी. दोन हात! रात्रीचं आंधळ्यालाही दिसावं म्हणून. दिसलं ना! माशाच्या टायमाला गप बसलो आणि गव्याच्या टायमाला गाडी लावायची जागा आखून दिली. अरे, ह्यानं तर सरळ लावली बिचाऱ्यानं! इतकी सरळ आमच्या डेपोत कुणी लावत नव्हतं!"

ही स्तुती आहे की शिवी ते चारुदत्तला कळेना. तो "थँक्यू" म्हणाला. त्यावर आप्पा पुन्हा भडकले.

त्याच रात्री सगळे चिरे उचलले. चारुदत्तने एकट्याने निम्मे वाहिले, मनस्विनीने बॅटरी धरली, आणि जेवायला दहा वाजले. आता चौकटीच्या जागी करवंदीच्या काट्यांचं दाट कुंपण आहे. त्यात म्हैस जात नाही, ठाण्याची गाडी जात नाही, आणि झाडायला आत शिरताना आप्पांचा स्वतःचा लेंगा दर आठवड्याला फाटतो.

पण खरी पंचाईत पुढे झाली. येणारे लोक कुंपणाबाहेरून बघतात आणि सगळ्यांना आधी डोळाच दिसतो. "केवढा जिवंत डोळा! काय ते जुने कारागीर!" फोटो निघतात. डोळ्याचे फोटो बघून आणखी लोक येतात. निलेश बापाला हात जोडतो, "बाबा, तुम्ही फक्त गप्प राहा." आप्पा एकदा गप्प राहिले होते. पुन्हा राहत नाहीत.

"तो डोळा जुना नाय!" सड्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत ऐकू येतं. "गेल्या डिसेंबरातला हाय. मेख ठाण्याच्या माणसाची, आणि चुना माझा. फोटो काढायचा तर खाली तसं लिहा!"

परवा एका सद्गृहस्थांनी त्यांना शांत करायला म्हटलं, "असू द्या हो. झालं ते झालं. पण शोभतो मात्र."

"शोभतो?" आप्पांनी झाडू खाली ठेवला. "तुमच्या टाळक्यात मेख ठोकतो. शोभली तर राहू दे, नाय शोभली तर काढतो. बसा खाली."

सद्गृहस्थ बसले नाहीत. गाडीकडे निघाले, घाईघाईने ती मागे घेऊ लागले, आणि आप्पा शिट्टी तोंडात धरून त्यांच्या मागे धावले, कारण तो माणूस सरळ नळावर चालला होता.