आईच्या बेताचं स्टूल

आईचे गुडघे गेले आणि तिचं बुद्धविहारात जाणं बंद झालं. खाली बसता येईना आणि खुर्चीवर ती बसेना. "सगळ्या बाया खाली अन् मी एकटी वर? मी काय पाहुणी हाय का?" पौर्णिमेच्या वंदनेला पहिला सूर तिचा असायचा. आता पौर्णिमा आली की ती दिवसभर भांड्यांवर राग काढायची, उरलेला माझ्यावर. शेवटी मी म्हटलं, थांब, तुला स्टूलच करून देते. येत्या पौर्णिमेला तू विहारात बसलीच पाहिजेस.

पुसेगावच्या आमच्या शेतातल्या बाभळीच्या फळ्या वर्षभर सावलीत वाळत पडल्या होत्या. ओलं लाकूड वापरलं की पुढं वाळून फाकतं, एवढं मला माहीत होतं. बाभूळ किती हट्टी असते हे मात्र माहीत नव्हतं. पहिला खिळा वाकला, दुसरा वाकला, तिसरा उडून टण्णकन चष्म्यावर आपटला. चष्मा होता म्हणून डोळा वाचला. मग अक्कल आली आणि आधी ड्रिलनं भोकं पाडून स्क्रू बसवले. आई बाजेवर बसून मुकादमी करत होती. "ती ओढणी काढून ठेव. पटाशीच्या धारेम्होरं हात काहून नेऊन राहिली? बोट तुटलं तर भाकरी कोन थापंल?" म्हणजे काळजी भाकरीची, बोटाची नाहीच!

दुपारपर्यंत स्टूल उभं राहिलं, चांगलं गुडघ्याइतकं उंच. अंगणात ठेवलं तर डुगडुगलं. लांब वाटला तो पाय जरा कापला. आता दुसऱ्या बाजूला डुगडुगलं. तिकडचा कापला. मग तिसरा, मग पुन्हा पहिला, असे कितीतरी फेरे झाले. आई गालातल्या गालात हसत होती.

"काप अजून. पोळपाट झाला तरी चालंल, आपला चिरलाच हाय."

माझं डोकं सणकलं. करवत खाली ठेवली, स्टूल उचललं आणि तरातरा घरात नेऊन टाइल्सवर आदळलं. तिथं ते भलत्याच पायावर डुलायला लागलं. तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. नाचता येईना, अंगण वाकडं म्हणतात. पण आमचं अंगण खरंच वाकडं हो! त्या उंचसखल शहाबादी फरशीच्या मापानं मी सरळ पाय कापत बसले होते.

मग टाइल्सवर ठेवून पाय सारखे केले, खाली सायकलच्या ट्यूबचे तुकडे चिकटवले. पण स्टूल आता जेमतेम वीतभर उरलं होतं. मला रडूच आलं. पौर्णिमा उद्यावर, आणि एवढ्या बुटक्या स्टुलावरून ही उठणार कशी? आई त्याच्यावर बसली. माझ्या खांद्यावर हात टेकून उठली. पुन्हा बसली.

"बराबर झालं," ती म्हणाली. "उंच असतं तर मी नेलंच नसतं."

दुसऱ्या दिवशी तिला स्टुलासकट विहाराच्या दारात उतरवलं आणि मी गाडी लावून आले. आत पाहते तर पांढऱ्या लुगड्यांच्या रांगा, सगळी डोकी जवळपास एका उंचीची. आई कुठंच दिसेना. परत फिरली की काय ही बाई?

तेवढ्यात पुढच्या रांगेत एक डोकं हललं, विहाराच्या उंचसखल शहाबादी फरशीवर स्टूल डुगडुगलं, आणि आईनं पहिला सूर लावला.