घसरगुंडीवरून उडी

शारजातल्या आमच्या शाळेच्या मैदानावर रबराची मऊ जमीन घालायला तो दर उन्हाळी सुट्टीत यायचा. रत्नागिरीकडचा ठेकेदार, पन्नाशीचा, तोंडात कायम लवंग. काम सुकलं की चपला काढून घसरगुंडीच्या टोकावर चढायचा आणि तिथून धप्पकन गुडघ्यांवर उडी टाकायचा. मग गुडघे झटकत म्हणायचा, “खलास! आता करा सही, साहेब.” शाळेच्या वतीने सही मी करायचो. सोबतचा टेस्ट रिपोर्ट मी कधी उघडला नाही. मला ती उडी पुरायची.

मग मंदी आली. त्याची निम्मी माणसं गावी परतली, आमच्या ऑफिसातलेही चौघं गेले. त्या वर्षी शाळेने रेट पाडून मागितला. एवढ्या पैशांत रबराचा थर किती जाड घालणार, हे मी विचारलं नाही.

काम सुकलं. तो चपला काढून वर चढला. जरा वेळ खाली बघत उभा राहिला आणि कठडा धरून एकेक पायरी उतरला. चपला घातल्या.

“करा सही, साहेब.”

मी केली.

माझी मुलगी तेव्हा त्याच शाळेत केजीत होती. शाळा उघडली त्या दिवशी ती घरी धावतच आली. “बाबा, आय जम्प्ड फ्रॉम द टॉप!”